पशुवैद्यकातला विशेषज्ञ व्हायचंय? पदवीनंतरच्या क्लिनिकल प्रशिक्षणाचा नकाशा

पदवी हातात पडली आणि नोंदणी झाली, की पशुवैद्य कायद्याने जवळजवळ सगळ्याच प्राण्यांवर उपचार करायला मोकळा असतो. सकाळी अडलेली गाय, दुपारी जुलाब झालेलं पिल्लू, संध्याकाळी पंख मोडलेला पोपट. काहींना हीच विविधता आवडते आणि ते जनरल प्रॅक्टिसमध्ये आयुष्यभर आनंदाने राहतात. काहींना मात्र पाचव्या-सहाव्या कार्डिऑलॉजीच्या केसनंतर कळतं की आपल्याला हृदयच बघायचंय, बाकी काही नाही. हा लेख या दुसऱ्या मंडळींसाठी आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि बोर्डाची, म्हणजे त्या विषयातल्या विशेषज्ञांच्या संघटनेची, मान्यता या दोन वेगळ्या वाटा आहेत. पदव्युत्तर पदवीचा कणा म्हणजे प्रबंध: विषय, नमुने, आकडेवारी, गाइड. बोर्डाच्या वाटेवर रेसिडेन्सी लागते, म्हणजे हॉस्पिटलमधलं काही वर्षांचं प्रशिक्षण. तिचा कणा म्हणजे केसेस: रोजची ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर आणि प्रत्येक निर्णयावर एखाद्या विशेषज्ञाची नजर. अमेरिकेत काही रेसिडेन्सी एम.एस.ला जोडलेल्या असतात, तिथे दोन्ही एकत्र होतात. पण एक केली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. ‘डिप्लोमेट’, म्हणजे बोर्डाचा मान्यताप्राप्त विशेषज्ञ, म्हणवून घ्यायचं असेल तर ठरलेलं प्रशिक्षण किंवा अनुभव आणि बोर्डाची परीक्षा याला पर्याय नाही.

विषय कसा निवडायचा

अमेरिकेत अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या छत्राखाली एबीव्हीएस ही संस्था विशेषज्ञांच्या 22 संघटनांना मान्यता देते आणि त्यांच्या पोटात चाळीसहून जास्त विषय येतात. युरोपात हेच काम ईबीव्हीएस करते. तिथल्या प्रत्येक विषयाच्या संस्थेला (आणि अमेरिकेतल्याही बऱ्याच संघटनांना) ‘कॉलेज’ म्हणतात. नाव कॉलेज असलं तरी तिथे इमारत नसते, वर्ग नसतात. ती त्या विषयातल्या विशेषज्ञांची संघटना असते. नियम तीच ठरवते, परीक्षाही तीच घेते.

मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, त्वचा, डोळे, दात, भूल, रेडिऑलॉजी, प्रजनन, पॅथॉलॉजी, प्राणिसंग्रहालयातले प्राणी… यादी लांब आहे. निवडताना ‘मला काय आवडतं’ यापेक्षा ‘त्या विषयातला कंटाळवाणा भाग मला झेपतो का’ हे विचारा. त्वचेच्या विशेषज्ञाचा बराचसा दिवस खाजणाऱ्या कुत्र्यांच्या ॲलर्जीत आणि न बऱ्या होणाऱ्या कानांत जातो. रेडिऑलॉजिस्ट अंधाऱ्या खोलीत स्क्रीनपुढे बसतो, मालकाचा चेहरा त्याला क्वचितच दिसतो. भूलतज्ज्ञाचा दिवस उत्तम गेला याचा अर्थ काहीच घडलं नाही. ऑन्कॉलॉजीत रोज कुणाला तरी वाईट बातमी सांगावी लागते. विद्यार्थी असताना आपण प्रत्येक विषयाचा रंजक भागच पाहिलेला असतो, म्हणून त्या विभागात सलग दोन आठवडे नुसतं सावलीसारखं फिरून या. रोटेशन मागून मिळतं, फक्त विचारावं लागतं.

विषयानुसार वाटही बदलते. पॅथॉलॉजी किंवा प्रयोगशाळा-प्राण्यांच्या रेसिडेन्सीला बहुतेक ठिकाणी आधीची इंटर्नशिप लागत नाही. सर्जरीला मात्र एक रोटेटिंग इंटर्नशिप (पदवीनंतर वेगवेगळ्या विभागांत फिरून काढलेलं वर्ष) करूनही अनेकांना आणखी एक-दोन वर्षं सर्जरीची स्पेशालिटी इंटर्नशिप करावी लागते, कारण जागा कमी आणि रांग मोठी.

पहिली पायरी: पदवी चालू असतानाच

शेवटच्या दोन वर्षांत तीन गोष्टी जमवा.

एक, केस लॉग. कुणी मागितला नसला तरी ठेवा. तारीख, प्राण्याची जात-वय-लिंग, काय तक्रार घेऊन आला, समस्यांची यादी, निदान, काय केलं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमची भूमिका: स्वतः केलं, मदतीला होतात की नुसतं पाहिलं. मालकाचं नाव लिहू नका, केस नंबर पुरे. शेवटच्या रकान्यात त्या प्राण्याचं पुढे काय झालं ते लिहा. हा रकाना बहुतेकांच्या लॉगमध्ये कोरा असतो आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारलं जातं.

दोन, माणसं. शिफारसपत्र देणारा तुम्हाला नावानिशी, कामानिशी ओळखणारा हवा. प्राचार्यांचं गोडगोड पत्र आणि ज्यांच्याबरोबर तुम्ही रात्री वॉर्ड सांभाळला त्या असिस्टंट प्रोफेसरांचं रोखठोक पत्र यांत दुसरं नेहमी भारी पडतं. अमेरिकन मॅचमध्ये (दोन्ही बाजूंच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा भरण्याची पद्धत, पुढे येईलच) शिफारस करणाऱ्याला ठरावीक फॉर्म भरावा लागतो. ज्ञान, हाताची सफाई, टीका ऐकून घेण्याची तयारी, सहकाऱ्यांशी वागणूक असं एकेक मोजलं जातं. जे सर तुम्हाला फक्त वर्गात पाहून ओळखतात, ते हा फॉर्म प्रामाणिकपणे भरू शकत नाहीत.

तीन, एखादं छोटं प्रकाशन. केस रिपोर्टसुद्धा चालतो. शोधनिबंधांचा ढीग कुणी मागत नाही. हातात घेतलेलं काम पूर्ण करता का, एवढंच त्यातून दिसतं.

मार्कांचं काय? वर्गातला क्रमांक पाहिला जातो, याबाबत खोटं बोलून उपयोग नाही. तो मधला असेल तर एखादं वर्ष चांगल्या देखरेखीखाली प्रॅक्टिस करून, नंतर बळकट पत्रं घेऊन येणारेही निवडले जातात.

दुसरी पायरी: इंटर्नशिप

रोटेटिंग इंटर्नशिप साधारण एक वर्षाची. काही आठवडे मेडिसिन, काही सर्जरी, बराच काळ इमर्जन्सी, अधूनमधून इमेजिंग, भूल, डोळे. लहान प्राणी, घोडे आणि मोठे प्राणी यांच्या इंटर्नशिप सहसा वेगवेगळ्या असतात. काही देशांत पदवीच्या अभ्यासक्रमातच शेवटचं वर्ष ‘इंटर्नशिप’ म्हणून असतं. ते हे नव्हे. इथे आपण पदवीनंतरच्या वर्षाबद्दल बोलतोय.

या पायरीवर थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. रेसिडेन्सी त्या-त्या कॉलेजकडे नोंदवलेली असते. किती विशेषज्ञ असावेत, किती आठवडे देखरेख हवी, कोणती उपकरणं हवीत, सगळं कागदावर असतं. इंटर्नशिपवर असा काटेकोर शिक्का नसतो. मार्गदर्शक सूचना आहेत, पण एक संस्था इंटर्नला खरोखर शिकवते आणि दुसरी त्याला रात्रपाळीचा स्वस्त डॉक्टर म्हणून वापरते. जाहिरातीत दोघींचे शब्द सारखेच असतात.

फरक कुठे असतो ते एका केसमध्ये पाहू.

रात्री अडीच वाजता एक नर मांजर येतं. दोन दिवस लघवी नाही, आता निपचित पडलंय. इंटर्न पोट चाचपतो, मूत्राशय मोसंब्याएवढं आणि दगडासारखं टणक. ठोके मोजतो तर मिनिटाला शंभरच्या आसपास. घाबरलेल्या, आजारी मांजराचे ठोके जलद हवेत, आणि हे तर मंद आहेत. ईसीजी लावतो: टी वेव्ह उंच टोकदार, पी वेव्ह दिसतच नाही. आता पहिला हात कॅथेटरकडे जातो, कारण अडलेलं मोकळं करायचं हे कुणालाही कळतं. नेमकं इथे मागे उभा असलेला रेसिडेंट म्हणतो, “थांब. पोटॅशियम काय आहे?” नऊ, म्हणजे जीवघेणं जास्त. मग आधी कॅल्शियम ग्लुकोनेट, सावकाश, ईसीजीकडे बघत. ते का, हे तो इंटर्नकडूनच वदवून घेतो: कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, ते फक्त हृदयाला थोड्या वेळासाठी संरक्षण देतं. पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज. मग सलाइन, मग भूल, मग कॅथेटर. सकाळच्या राउंडला विशेषज्ञ येतात आणि रात्री कुणाच्याच डोक्यात न आलेला प्रश्न टाकतात: तासाला लघवी किती पडतेय? अडथळा निघाल्यावर मांजर इतकी लघवी करू शकतं की द्रव त्या मानाने दिलं नाही तर ते कोरडं पडेल, आणि काल नऊ असलेलं पोटॅशियम उद्या गरजेपेक्षा खाली जाईल.

एका मांजरात तीन थरांचं शिक्षण झालं. आता हेच दृश्य मागचा रेसिडेंट काढून टाकून बघा. इंटर्न एकटा, फोनवर कुणी नाही, सकाळी राउंड नाही. मांजर कदाचित वाचेलही, पण इंटर्न काय शिकला? म्हणून जागा निवडताना इमारत, एमआरआय मशीन, संस्थेचं नाव हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: रात्री माझ्या मागे कोण उभं असेल?

हे जाहिरातीवरून कळत नाही. तिथे सध्या असलेल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या इंटर्नला फोन करा. ‘अनुभव कसा होता?’ असं विचाराल तर ‘छान, खूप शिकायला मिळालं’ एवढंच ऐकायला मिळेल. नेमकं विचारा. रात्रपाळीला विशेषज्ञ हॉस्पिटलमध्ये असतात की घरी? फोन केला तर किती वेळात उचलतात, आणि उचलल्यावर चिडतात का? आठवड्यात किती राउंड होतात आणि कामाच्या गर्दीत ते रद्द होतात का? पहिली स्पे (मादीची नसबंदी) तुम्ही कधी केली, पोट पहिल्यांदा कधी उघडलं? सलग किती रात्री, आणि त्यानंतर किती सुट्टी? गेल्या काही वर्षांतले इंटर्न पुढे कुठे गेले? मध्येच कुणी सोडून गेलं का? शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा क्षणभर गप्प झाला तर त्याची नोंद घ्या.

तिसरी पायरी: अर्ज आणि मॅच

अमेरिकेत आणि कॅनडात बहुतेक जागा व्हीआयआरएमपी या मॅचमधून भरतात. तो अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेटर्नरी क्लिनिशियन्स चालवते. शरद ऋतूत जागांची यादी लागते, हिवाळ्यात अर्ज, मग उमेदवार आणि संस्था दोघेही आपापली पसंतीची यादी देतात, वसंताच्या तोंडावर निकाल आणि उन्हाळ्यात रुजू. नेमक्या तारखा दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावरच बघा. निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. म्हणून जिथे खरोखर जायचं नाही ती जागा ‘असू दे’ म्हणून यादीत टाकू नका.

यादी लावताना डोकं लढवणारे बरेच भेटतात: ‘ती मोठी जागा मला मिळणार नाही, म्हणून दुसरीलाच पहिला नंबर देतो.’ करू नका. पहिल्या पसंतीच्या जागेने तुम्हाला घेतलं नाही, म्हणून दुसऱ्या जागेवरची तुमची शक्यता घटत नाही. आवडीचा खरा क्रम लिहा आणि झोपा.

उद्दिष्टपत्र, म्हणजे ज्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात ते, एका पानाचं ठेवा. ‘लहानपणापासून मला प्राण्यांचं वेड’ हे वाक्य निवड समितीने इतक्या वेळा वाचलेलं असतं की नजर पुढे सरकते. त्याऐवजी एखादी केस, तुम्ही त्यात काय विचार केला, कुठे अडलात, आणि पुढे काय शिकायचंय हे लिहा. मार्कांमध्ये किंवा कामात एखादा खड्डा असेल तर दोन ओळींत कारण सांगा. न सांगितल्यास वाचणारा स्वतःच कारण शोधतो, आणि ते बहुधा जास्त वाईट असतं.

युरोपात इतका मोठा एकत्रित मॅच नाही. विद्यापीठं आणि खासगी रेफरल हॉस्पिटलं आपापल्या जाहिराती काढतात, मुलाखती घेतात. तिथे त्या-त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर नजर ठेवणं आणि परिषदांत माणसं भेटणं जास्त कामाचं.

दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी परवान्याचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. अमेरिकेत मान्यताप्राप्त नसलेल्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यांना पूर्ण परवान्यासाठी ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यांपैकी एका मार्गाने जावं लागतं. ईसीएफव्हीजीत पदवीचा पुरावा, इंग्रजी, मूलभूत विषयांची परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष हाताच्या कौशल्याची परीक्षा असे चार टप्पे आहेत. याशिवाय नॅव्हले ही परवाना परीक्षा वेगळी. काही विद्यापीठांची हॉस्पिटलं मर्यादित परवान्यावर परदेशी पदवीधरांना घेतात, खासगी हॉस्पिटलं सहसा पूर्ण परवाना मागतात. प्रत्येक जागेच्या वर्णनात ही अट लिहिलेली असते. अर्जाची फी भरण्याआधी ती वाचा, आणि व्हिसाचं काय हे ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या.

मॅच झाला नाही तर? निकालानंतर रिकाम्या राहिलेल्या जागा जाहीर होतात आणि त्यांना थेट संपर्क करता येतो. पण त्या दिवशी घाईत कुठेही उडी मारू नका. जागा रिकामी का राहिली, हे वरच्याच प्रश्नांनी तपासा. चांगल्या इमर्जन्सी हॉस्पिटलमध्ये एक वर्ष नोकरी करून पुन्हा अर्ज करणं हे वाईट इंटर्नशिपपेक्षा कधीही बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: रेसिडेन्सी

बहुतेक विषयांत तीन वर्षं, काहींत कमी-जास्त. सही करण्याआधी एकच खात्री करा: हा कार्यक्रम त्या कॉलेजकडे नोंदवलेला आणि मान्य आहे, आणि तुमचं नावही वेळेत नोंदवलं जाणार आहे. नोंदणी नसेल तर तीन वर्षं राबूनही परीक्षेला बसता येणार नाही. देखरेख करणाऱ्या विशेषज्ञांची संख्या पाहा. एकाच माणसाच्या भरवशावर चालणारा कार्यक्रम तो माणूस नोकरी सोडून गेला की अधांतरी लटकतो, आणि विशेषज्ञ नोकऱ्या सोडतात, भरपूर.

रेसिडेन्सीत पहिल्या वर्षी केसेस तुम्हाला चालवतात, दुसऱ्या वर्षी तुम्ही केसेस चालवता आणि तिसऱ्या वर्षी इंटर्नना शिकवता शिकवता आपल्यालाच किती येत नाही ते कळतं. क्लिनिकच्या आठवड्यांशिवाय ऑफ-क्लिनिक काळ असतो: अभ्यास, संशोधन, रेडिऑलॉजी किंवा क्लिनिकल पॅथॉलॉजीसारख्या शेजारच्या विषयांत रोटेशन. हॉस्पिटलमध्ये माणसं कमी पडली की पहिला घाला याच काळावर पडतो. तो करारात लिहिलेला असेल तर आठवण करून द्यायला संकोचू नका.

संशोधन पहिल्याच वर्षी सुरू करा. अनेक कॉलेजं परीक्षेला बसण्याआधी पहिला लेखक म्हणून प्रसिद्ध झालेला शोधनिबंध मागतात, आणि जर्नलला पाठवल्यापासून स्वीकृतीपर्यंत एक वर्ष सहज निघून जातं. परवानगी, नैतिक समिती, मालकांची संमती हे धरून विषय छोटा ठेवा. हॉस्पिटलच्या जुन्या नोंदींवर आधारलेला अभ्यास कमी रुबाबदार दिसतो, पण वेळेत संपतो.

जर्नल क्लबला, म्हणजे शोधनिबंधांवर चर्चेच्या बैठकीला, नुसता सारांश वाचून जाऊ नका. आणि ज्या राउंडमध्ये चुकलेल्या, दगावलेल्या केसेसची चर्चा होते, ज्याला एम अँड एम म्हणतात, तिथे कोण कसं बोलतं ते बघा. दोष माणसावर ढकलणाऱ्या विभागात रेसिडेंट चुका लपवायला शिकतात. पद्धत कुठे तुटली हे शोधणाऱ्या विभागात वैद्यक शिकतात.

पगार खासगी प्रॅक्टिसपेक्षा कमी, तास जास्त. शिक्षणकर्ज असेल तर त्याचे हप्ते या काळात कसे जातील याचा हिशेब आधी करा. झोप, इच्छामरणाच्या केसेसचा साचत जाणारा ताण, घरच्यांपासून दूर असणं, याबद्दल विभागात कुणाशी बोलता येईल हे रुजू होण्याआधी विचारणं हा कमकुवतपणा नाही.

पाचवी पायरी: क्रेडेन्शियल्स आणि परीक्षा

परीक्षेआधी कागदपत्रांची छाननी असते: केस लॉग, केस रिपोर्ट, प्रकाशन, देखरेख करणाऱ्यांची पत्रं. लॉग रोज भरणाऱ्याला हे दोन संध्याकाळचं काम. तीन वर्षांचा लॉग शेवटच्या महिन्यात भरायला बसलेल्याला ऑपरेशनच्या जुन्या नोंदी उकरत बसावं लागतं.

बऱ्याच कॉलेजांत परीक्षा टप्प्यांत होते. सर्जरीच्या अमेरिकन कॉलेजात पहिला टप्पा रेसिडेन्सी चालू असतानाच देता येतो, दुसरा प्रशिक्षण संपल्यावर. प्रयत्न आणि वर्षं यांना मर्यादा असते, त्यामुळे ‘बसून तर बघू’ हा विचार इथे महागात पडतो. वाचायची पुस्तकं आणि गेल्या काही वर्षांची जर्नल्स बहुतेक कॉलेजं स्वतःच सांगतात. अभ्यासासाठी दोन-तीन जणांचा गट करा, शक्यतो वेगवेगळ्या संस्थांमधले, कारण एकाच विभागात राहिलं की त्या विभागाची सवय आणि पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक दिसेनासा होतो.

पास झालात तरी मान्यता कायमची नसते. ईबीव्हीएसमध्ये दर पाच वर्षांनी पुनर्मूल्यांकन होतं. अमेरिकेतल्या नव्या डिप्लोमेटांचं प्रमाणपत्रही ठरावीक मुदतीचं असतं. परिषदा, व्याख्यानं, प्रकाशनं यांचे गुण जमा करत राहावे लागतात, तेव्हा पहिल्या महिन्यापासून पावत्या आणि प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये टाका.

रेसिडेन्सी शक्य नसेल तर

घर, पैसा, वय, आईवडील, कारण काहीही असो, तीन-चार वर्षं दुसऱ्या शहरात जाऊन कमी पगारावर राबणं सगळ्यांना जमत नाही. अमेरिकेतली एबीव्हीपी ही संघटना काही वर्षांची दर्जेदार प्रॅक्टिस, सविस्तर केस रिपोर्ट आणि परीक्षा यांच्या आधारे प्राणीनिहाय मान्यता देते. प्रॅक्टिशनरच्या मार्गाला रेसिडेन्सीची अट नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजचं सर्टिएव्हीपी हे प्रमाणपत्र नोकरी सांभाळून टप्प्याटप्प्याने करता येतं आणि त्यावरून ‘ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिशनर’चा दर्जा मागता येतो. तो विशेषज्ञाच्या एक पायरी खाली असला तरी कामाला वजन देतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कॉलेजात दोन स्तर आहेत: मेंबरशिप आणि फेलोशिप. मेंबरशिपने ‘विशेषज्ञ’ हे बिरुद मिळत नाही, पण नोकरी न सोडता विषयाचा शिस्तीने अभ्यास होतो, आणि पुढेमागे रेसिडेन्सीला अर्ज केलात तर निवड समितीला तुमच्या जिद्दीचा लेखी पुरावा दिसतो.